नाशिकमध्ये पहिल्यांदाच कोर्टात जाताय? आधी मुदत मोजा

कोर्टात जायचं ठरलं की माणूस ओळखीपाळखीत दोन प्रश्न विचारत सुटतो: वकील कोण चांगला आणि खर्च किती येईल? प्रश्न रास्तच आहेत. पण त्यांच्या आधीचा एक प्रश्न राहून जातो. दाद मागायला कायद्याने जेवढे दिवस दिलेत, त्यातले माझ्याकडे किती उरले? मुदत टळली की तुमची बाजू खरी असूनही दावा फेटाळला जातो. समोरच्याने मुदतीचा मुद्दा काढला नसला तरी न्यायाधीशांना तो स्वतःहून पाहावाच लागतो. मुदतीच्या कायद्याचं, म्हणजे १९६३ च्या अधिनियमाचं, कलम ३ तसं सांगतं. म्हणून वकिलाकडे नंतर वळू, आधी तारखा.

त्याआधी थोडं हक्काबद्दल, कारण बरेच जण तिथेच गोंधळतात.

हा हक्क कुठे लिहिलाय?

‘प्रत्येकाला दावा लावण्याचा हक्क आहे’ असं एक सरळ वाक्य राज्यघटनेत शोधायला गेलात तर सापडणार नाही. तो हक्क निरनिराळ्या अनुच्छेदांत विभागलेला आहे. मूलभूत हक्कांवर गदा आली तर थेट सर्वोच्च न्यायालयात जाण्याचा हक्क अनुच्छेद ३२ देतो. ९ डिसेंबर १९४८ रोजी संविधान सभेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी याच तरतुदीला घटनेचा आत्मा आणि हृदय म्हटलं होतं. मसुद्यात तेव्हा तिचा क्रमांक २५ होता. २ मार्च १९३० ला आपल्याच पंचवटीत काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला आणि पुढे अनेक वर्षं चालूनही मंदिराचं दार उघडलं नाही. हक्क असून तो बजावून घेण्याची सोय नसली की काय होतं, हे बाबासाहेबांनी पुस्तकात वाचलेलं नव्हतं.

अनुच्छेद २२६ खाली उच्च न्यायालयात जाता येतं, आणि तिथे मूलभूत हक्कांशिवाय इतर कायदेशीर हक्कांसाठीही रिट, म्हणजे सरकारी यंत्रणेला आदेश द्या अशी मागणी करणारी याचिका, करता येते. नाशिक जिल्ह्याची रिट मुंबईत दाखल होते. धुळे-जळगावच्या पाहुण्यांचं ऐकून छत्रपती संभाजीनगरची गाडी पकडू नका; त्यांचे जिल्हे त्या खंडपीठाकडे आहेत, आपला नाही.

२०१६ मध्ये अनिता कुशवाहा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने आणखी एक गोष्ट स्पष्ट केली. न्यायापर्यंत पोहोचता येणं हा अनुच्छेद १४ (समानता) आणि २१ (जीवित आणि स्वातंत्र्य) यांचाच भाग आहे. त्यासाठी निवाडा करणारी परिणामकारक यंत्रणा हवी, ती अंतराने आवाक्यात हवी, काम लवकर व्हावं आणि खर्च झेपावा. लवकर निकालाबाबत मी काही बोलत नाही, कोर्टाच्या आवारात तासभर बसलात की तुम्हीच समजाल.

रोजचे वाद मात्र रिटचे नसतात. भाडेकरू घर सोडत नाही, भावाने वाटणी दिली नाही, उसने पैसे बुडाले, यासाठी साधं दिवाणी न्यायालय आहे. दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम ९ सांगतं की कायद्याने स्पष्टपणे किंवा ओघाने मनाई केलेली नसेल तर दिवाणी स्वरूपाचा कुठलाही दावा हे न्यायालय ऐकेल. ‘मनाई केलेली नसेल तर’ हे शब्द लक्षात ठेवा, ते पुढे लागणार आहेत.

पहिली पायरी: तारखांचा कागद

एक कोरा कागद घ्या. व्यवहार कधी झाला, पैसे कधी दिले, पहिला नकार कधी मिळाला, शेवटचं बोलणं कधी झालं, एवढंच तारीखवार लिहा. राग, शिव्या, समोरच्याचा स्वभाव त्यात नको. वकिलाला किंवा विधी सेवेच्या, म्हणजे मोफत कायदेशीर मदतीच्या, कार्यालयात पहिल्यांदा भेटाल तेव्हा हा एक कागद अर्ध्या तासाच्या हकिकतीपेक्षा जास्त कामाचा असतो. कोर्टात जाण्याचं कारण ज्या दिवशी घडलं त्या तारखेभोवती लाल पेनने गोल काढा. मुदत साधारण तिथून मोजतात.

दुसरी पायरी: मुदत

पैशांच्या वसुलीचा दावा तीन वर्षांत. मालकी हक्काच्या आधारे स्थावर मिळकतीचा ताबा परत मागायचा तर बारा वर्षांत. तुम्हाला कोणी बेकायदा हुसकावून लावलं आणि मालकीच्या वादात न पडता फक्त ताबा परत हवा असेल, तर सहा महिन्यांत. अब्रुनुकसानीच्या भरपाईला एक वर्ष. ग्राहक तक्रारीला दोन वर्षं.

इथे नेहमी होणारा घोळ असा: ‘दिवाळीनंतर देतो’ या तोंडी वायद्याने मुदत वाढत नाही. तुम्ही पाठवलेल्या साध्या वकिली नोटिशीनेही वाढत नाही. देणेकऱ्याने मुदत संपायच्या आत सहीनिशी लेखी कबुली दिली, किंवा काही रक्कम भरून त्याची लेखी नोंद झाली, तर मुदत नव्याने सुरू होते. म्हणून समोरचा गोड बोलत असेल तेव्हाच दोन ओळी लिहून घ्या. आणखी एक: अपिलाला किंवा अर्जाला उशीर झाला तर सबळ कारण दाखवून माफी मागता येते, मूळ दाव्याला मात्र ती सवलत नाही. मुदतीचा शेवटचा दिवस कोर्टाच्या सुट्टीत आला तर कोर्ट उघडेल त्या दिवशी दावा दाखल करता येतो. पण एवढ्या टोकाला जाऊच नका.

आता द्राक्षांचं उदाहरण घेऊ, कारण निफाड-दिंडोरीकडे दर हंगामात हे कुणाच्या ना कुणाच्या वाट्याला येतं. व्यापाऱ्याने बाग उचलली, चेक दिला, चेक वटला नाही. इथून घड्याळ भराभर पळतं. चेक परत आल्याचं बँकेकडून कळल्यापासून ३० दिवसांत व्यापाऱ्याला लेखी नोटीस जायलाच हवी. नोटीस मिळाल्यावर त्याला पैसे द्यायला १५ दिवस मिळतात. ते उलटले की पुढच्या एका महिन्यात न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे तक्रार. तक्रारीला उशीर झाला तर कारण दाखवता येतं. नोटिशीचे ३० दिवस हुकले तर त्या चेकच्या परताव्यावर फौजदारी तक्रार करता येत नाही. चेक तीन महिन्यांच्या वैधतेत असेल तर तो पुन्हा भरून पाहता येतो. व्यापारी परराज्यातला असला तरी घाबरू नका. चेक तुम्ही तुमच्या खात्यात भरला असेल तर तुमचं खातं ज्या शाखेत आहे तिथल्या कोर्टात ही तक्रार चालते. खातं निफाडला असेल तर यायचं त्याने. गुन्हा शाबित झाला तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा चेकच्या दुप्पट रकमेपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं, आणि खटला चालू असतानाच रकमेच्या २० टक्क्यांपर्यंत अंतरिम भरपाई देण्याचा आदेश न्यायालय करू शकतं. पैशांच्या वसुलीचा दिवाणी दावा यापेक्षा वेगळा. त्याची तीन वर्षं वेगळी चालतात.

चेक परत आल्याचा बँकेचा मेमो कपाटात टाकून देऊ नका, एवढं सांगून पुढे जातो.

तिसरी पायरी: दार नेमकं कोणतं?

माझ्या मते मुदतीखालोखाल नुकसान इथे होतं. कलम ९ मधले ‘मनाई केलेली नसेल तर’ हे शब्द इथे लागतात: काही वादांसाठी कायद्याने वेगळं दार ठेवलंय. चुकीच्या ठिकाणी दावा लावला की दोनेक वर्षांनी ‘हे आमच्या अधिकारक्षेत्रात नाही’ असं ऐकावं लागतं.

शेतरस्ता अडवलाय? सिन्नरला असो की कळवणला, दिवाणी कोर्टाआधी तहसीलदारांकडे जा. वापरात असलेला रस्ता अडवला असेल तर मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ खाली सहा महिन्यांच्या आत अर्ज करायचा. रस्ताच नाही आणि बांधावरून नवा हवा असेल तर जमीन महसूल संहितेचं कलम १४३. दोन्ही अर्ज एकाच टेबलावर जात असले तरी मागणी वेगळी आहे, अर्जात सरमिसळ करू नका. सातबाऱ्यावरच्या नोंदीचा, फेरफाराचा वादही महसूल अधिकाऱ्यांकडून सुरू होतो. पण मालकी कोणाची हे शेवटी दिवाणी न्यायालयच ठरवतं. सातबारा हा मालकीचा अंतिम पुरावा नव्हे.

वस्तू किंवा सेवेत फसवणूक झाली असेल तर जिल्हा ग्राहक आयोग. मोजलेली किंमत ५० लाखांपर्यंत असेल तर तक्रार जिल्ह्यातच राहते आणि ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्कच नाही. कंपनीचं मुख्यालय कुठेही असो, तुम्ही राहता किंवा काम करता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, आणि वकील लावण्याची सक्ती नाही. बिल्डरने ताबा रखडवला असेल तर महारेराचा, म्हणजे बांधकाम प्रकल्पांवर देखरेख करणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाचा, पर्यायही आहे. सातपूर-अंबडच्या कारखान्यातून काढून टाकल्याचा वाद दिवाणी न्यायालयात नेऊ नये, त्यासाठी कामगार आयुक्तालय आणि कामगार न्यायालय आहे.

पोटगी, घटस्फोट, मुलांचा ताबा यांसाठी शहरात कौटुंबिक न्यायालय आहे. घरगुती हिंसाचाराच्या २००५ च्या कायद्याखाली मात्र न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो, आणि बाई सध्या जिथे राहते, तात्पुरती का होईना, तिथल्या कोर्टात. सासर पुण्याचं असलं तरी नाशिकच्या माहेरी राहून इथेच अर्ज चालतो. हे ठाऊक नसल्यामुळे पुण्याच्या फेऱ्या मारणाऱ्या बायका आहेत, म्हणून मुद्दाम सांगतोय.

पोलीस ठाण्यात दखलपात्र गुन्ह्याची (ज्यात पोलीस कोर्टाच्या आदेशाशिवाय तपास करू शकतात) तक्रार नोंदवून घेत नसतील तर हात हलवत परतू नका. हकिकत लेखी करून पोस्टाने वरिष्ठांना पाठवा: शहर हद्दीत असाल तर पोलीस आयुक्तांना, ग्रामीण भागात असाल तर पोलीस अधीक्षकांना. तरीही काही झालं नाही तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७५ खाली शपथपत्रासह न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. पोस्टाची पावती जपा, तीच तुमची पायरी पूर्ण झाल्याचा पुरावा.

उरलेले दिवाणी वाद नेहमीच्या दिवाणी कोर्टात. जमिनीचा दावा जमीन असेल तिथे. पैशांचा दावा प्रतिवादी राहतो किंवा व्यवहार घडला तिथे. प्रत्येक वेळी शहरातच यायची गरज नाही. मालेगाव, निफाड, येवला, सिन्नर, दिंडोरी, नाशिकरोड अशी ठिकठिकाणी न्यायालयं आहेत.

चौथी पायरी: नोटीस

खासगी माणसाविरुद्ध बहुतेक दाव्यांना नोटीस सक्तीची नसते, तरी पाठवावी. काही वाद तिथेच मिटतात. सरकारविरुद्ध मात्र दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८० खाली दोन महिन्यांची नोटीस लागते. फार तातडी असेल तर न्यायालयाच्या परवानगीने ती टाळता येते. नाशिक महानगरपालिकेविरुद्ध तिच्या अधिकारातल्या कृतीबद्दल दावा करायचा तर महापालिका अधिनियमाचं कलम ४८७ पाहा: एक महिन्याची नोटीस, आणि दावा सहा महिन्यांच्या आत. तीन वर्षं हातात आहेत असं समजून बसणाऱ्यांना हे सहा महिने दगा देतात.

उलट परिस्थितीही येते. शेजारी तुमच्याविरुद्ध मनाई हुकूम आणणार अशी कुणकुण लागली तर कॅव्हेट दाखल करून ठेवा. तुम्हाला ऐकल्याशिवाय हुकूम होऊ नये यासाठी ती सोय आहे. ती ९० दिवस टिकते, नंतर नव्याने करावी लागते.

पाचवी पायरी: कागद

मूळ कागद घरी, झेरॉक्सचे दोन-तीन संच हाती. जमिनीसाठी सातबारा, आठ-अ, फेरफार, खरेदीखत. भाड्यासाठी नोंदणीकृत करार. करार लेखी आणि नोंदणीकृत करणं ही कायद्याने घरमालकाची जबाबदारी आहे; तो नोंदवलेला नसेल तर उलट सिद्ध होईपर्यंत अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं धरलं जातं. अकरा महिन्यांच्या कराराला नोंदणी लागत नाही, ही आपल्याकडची लाडकी समजूत महाराष्ट्रात चालत नाही.

व्हॉट्सअ‍ॅपवरचे संदेश, रेकॉर्डिंग, फोटो पुरावा म्हणून देता येतात, पण नुसती प्रिंट पुरत नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे त्यासोबत ठरलेल्या नमुन्यात प्रमाणपत्र जोडावं लागतं. तोवर फोन विकू नका, चॅट पुसू नका.

सहावी पायरी: वकील आणि पैसा

स्वतःचा दावा स्वतः चालवण्याची मुभा आहे. ग्राहक आयोगात ती वापरा. जमिनीच्या दाव्यात वापरू नका, हे माझं मत. वकिलांशी फी आधी बोलून घ्या, टप्पे ठरवा, पावती मागा. निकालातून मिळणाऱ्या रकमेत टक्केवारी ठरवणं वकिलांच्या आचारसंहितेत बसत नाही. वकीलपत्र वाचून सही करा. कोऱ्या कागदावर सही कोणालाही देऊ नका. वकील बदलायचा झाला तर आधीच्यांची ना हरकत घ्या, त्यावरून भांडण काढू नका.

पैसे नसतील तर? मोफत कायदेशीर मदतीची तरतूद करणारा अनुच्छेद ३९अ १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने आला आणि त्यातून १९८७ चा विधी सेवा प्राधिकरण कायदा. त्याच्या कलम १२ प्रमाणे महिला, मुलं, अनुसूचित जाती-जमातीचे लोक, अपंग, औद्योगिक कामगार, कोठडीतली व्यक्ती यांना मोफत वकील मिळतो, त्यांचं उत्पन्न पाहिलं जात नाही. इतरांसाठी महाराष्ट्रात वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ३ लाख रुपये आहे. पेठ-सुरगाण्याहून येणाऱ्या आदिवासी शेतकऱ्याने किंवा कुठल्याही बाईने वकिलाच्या फीपायी दागिना गहाण टाकण्याआधी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या कार्यालयात डोकावावं. ते जिल्हा न्यायालयाच्या आवारात आहे, तालुक्याच्या कोर्टात तालुका समिती असते. १५१०० या क्रमांकावर फोन करूनही विचारता येतं. कोर्ट फीतही काही सवलती आहेत: राज्य सरकारच्या १९९४ च्या अधिसूचनेने पोटगी, घटस्फोट, हिंसाचार, मालमत्तेचे वाद यांत महिलांना फी माफ आहे. मालमत्तेच्या कोणत्या वादाला ती लागू पडते याचा अर्थ न्यायालयं लावतात, तेव्हा तेवढं वकिलांना विचारून घ्या.

सातवी पायरी: तारखेचा दिवस

जिल्हा न्यायालय जुन्या आग्रा रोडवर सीबीएसजवळ आहे. ठक्कर बझारला एसटीतून उतरलात तर चालतच जा. स्वतःची गाडी आणलीत तर ती लावायलाच वेळ मोडतो. २०२५ मध्ये नव्या बहुमजली इमारतीचं उद्घाटन तत्कालीन सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या हस्ते झालं, तेव्हा ‘अमुक कोर्ट तमुक खोलीत’ ही जुनी माहिती धरून फिरू नका, दारातच विचारा.

दावा दाखल झाला की सोळा अंकी-अक्षरी सीएनआर क्रमांक मिळतो. तो ई-कोर्ट्सच्या अ‍ॅपवर टाकला की पुढची तारीख आणि कामकाज घरबसल्या दिसतं. वकिलांच्या मुन्शींना दर वेळी फोन करायची गरज उरत नाही. त्या दिवशी बोर्डावर आपला क्रमांक बघा, पुकारा होईल तेव्हा हजर असा, मोबाईल बंद. साध्या मराठीत बोला. खालच्या न्यायालयांची भाषा मराठी आहे, इंग्रजी येत नाही म्हणून गप्प बसायचं कारण नाही.

पहिल्या तारखेला निकालाची आशा धरू नका. प्रतिवादीला समन्स जाणार, मग तो कैफियत, म्हणजे लेखी उत्तर, देणार, त्यासाठी ३० दिवस, फार तर ९०. मग मुद्दे निघणार, साक्षी, उलटतपास, युक्तिवाद. तुम्हीच प्रतिवादी असाल तर हे ३० दिवस तुमचे आहेत. समन्स न घेता दार लावून बसल्याने दावा थांबत नाही, एकतर्फी चालतो. वादी गैरहजर राहिला तर दावा काढून टाकला जाऊ शकतो, आणि तो परत बोर्डावर घ्यायला अर्जाची मुदत पुन्हा ३० दिवसच.

मध्येच तडजोडीचा विषय निघेल. लोकअदालतीत मिटलं तर कोर्ट फी परत मिळते आणि त्या निवाड्यावर अपील नाही, म्हणजे वाद खरोखर संपतो. पण याच कारणामुळे तडजोडीचा मजकूर शब्दन् शब्द वाचल्याशिवाय सही करू नका. घाई समोरच्याला असते.

निकालानंतर

निकाल लागला त्याच दिवशी प्रमाणित नकलेसाठी अर्ज टाका. हरलात तर जिल्हा न्यायालयातल्या अपिलाला ३० दिवस आहेत, उच्च न्यायालयातल्याला ९०. नक्कल तयार व्हायला लागलेले दिवस त्यातून वगळतात, पण अर्ज केलेला असेल तरच. जिंकलात तर पैसे आपोआप खात्यात येत नाहीत. समोरच्याने हुकूमनामा पाळला नाही तर त्याच कोर्टात दरखास्त, म्हणजे हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीचा अर्ज, दाखल करावी लागते: बेलीफ, जप्ती, ताबा हे सगळं तिथे. दरखास्तीला बारा वर्षं आहेत. तेवढ्यात समोरचा मिळकत विकून मोकळा होऊ शकतो, तेव्हा अपिलाची मुदत संपायची वाट पाहत बसू नका. स्थगिती आलेली नसेल तर दरखास्त आधीही लावता येते.